मे महिन्याचं बिल दाखवा

‘वीज माणूस जाळतो, घर नाही.’ नागपुरात किरायाच्या घराचं जुनं वीजबिल नव्याने येणाऱ्याला दाखवावं, एवढी साधी मागणी कुणी केली की पहिलं उत्तर हे येतं. ऐकायला ते पटतं. एकाच मजल्यावरच्या दोन फ्लॅटांपैकी एकाचं बिल दीड हजार आणि शेजारचं पाच हजार असू शकतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मागचा किरायेदार रात्रभर एसी लावून झोपत असेल, पुढचा कूलरवर भागवेल. मग मागच्याच्या बिलावरून पुढच्याला काय कळणार? तेव्हा जुनं बिल दाखवणं निरुपयोगी, उलट दिशाभूल करणारंच, असं म्हणून विषय मिटवला जातो.

हा युक्तिवाद चुकीचा आहे, आणि नागपुरात तर तो टिकतच नाही.

या शहरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता आणि 29 डिसेंबर 2018 च्या पहाटे तो 3.5 अंशांवर उतरला होता. इतकी टोकं एकाच वर्षचक्रात सोसणाऱ्या गावात घराची भिंत, छत आणि खिडक्या यांचा हिशेब थेट मीटरवर उमटतो. तो वाचायचा कसा, एवढंच शिकावं लागतं. फेब्रुवारीत नागपूरकराचा कूलर अजून माळ्यावर असतो, एसी बंद असतो, गिझरची गरज ओसरू लागलेली असते. त्या महिन्याच्या युनिटांत फ्रीज, दिवे, टीव्ही, वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, म्हणजे त्या कुटुंबाचं रोजचं जगणं असतं. माणसं किती, सवयी कशा, हे सगळं त्या आकड्यात येतं. मे महिन्याच्या युनिटांत तेच कुटुंब, तेच फ्रीज-टीव्ही असतात आणि वरून उन्हाळा असतो. मेमधून फेब्रुवारी वजा केला की राहतो तो उन्हाळ्याचा बोजा. तो बोजा सवयींबरोबरच छतावर, पश्चिमेच्या भिंतीवर आणि खिडक्यांच्या जागेवरही अवलंबून असतो.

म्हणून एका महिन्याचं बिल दाखवणं अपुरं आहे, हे मान्य. पण ‘अपुरं आहे म्हणून दाखवूच नका’ हा निष्कर्ष कुठून येतो? बारा महिने दाखवा, म्हणजे माणूस आणि घर वेगळे करता येतील.

ज्यांनी वरच्या मजल्यावर मे महिना काढला आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. चार-पाच इंचांची काँक्रीटची स्लॅब सकाळपासून ऊन पिते आणि संध्याकाळी सात वाजल्यापासून ते खोलीत सोडू लागते. रात्री अकराला पंखा लावला की वरून गरम वाराच खाली येतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रात्रीही हाताला चटका देतं. त्याच इमारतीत, त्याच नकाशाच्या खालच्या मजल्यावर पंखा आणि कूलरवर रात्र निघते. किराया मात्र दोन्हीकडे जवळपास सारखा, कधी वरच्या मजल्याचा ‘हवेशीर’ म्हणून थोडा जास्तच.

कूलरचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. विदर्भाचा उन्हाळा कोरडा असतो, म्हणून गवताच्या ताट्या आणि पाण्याचा पंप असलेला पत्र्याचा कूलर इथे एसीच्या कितीतरी कमी विजेत खोली थंड करतो. पण त्याची एक अट असते. त्याला मागून बाहेरची कोरडी हवा मिळाली पाहिजे आणि समोरून खोलीतली हवा बाहेर पडायला वाट हवी. खिडकी डक्टमध्ये उघडत असेल, किंवा दोन इमारतींमधल्या हातभर बोळात, किंवा खोलीला दुसरी खिडकीच नसेल, तर कूलर खोलीत दमटपणा कोंडतो, अंथरूण ओलसर होतं आणि माणूस आठवडाभरात एसीच्या दुकानात जातो. यात त्याची चैन कुठे आली? घराच्या बांधणीने त्याच्यावर लादलेला तो खर्च आहे. हाच खर्च मागच्या किरायेदारावरही लादला गेला होता, आणि त्याचा पुरावा मीटरच्या नोंदीत पडून आहे.

आता पैशाकडे पाहू, कारण युनिटं दुप्पट झाली की बिल दुपटीवर थांबत नाही. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. 2024-25 च्या दरपत्रकात वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या 100 युनिटांना 5.88 रुपये, 101 ते 300 युनिटांना 11.46 रुपये आणि 301 ते 500 युनिटांना 15.72 रुपये असा दर होता. या हिशेबाने 150 युनिटांचे 1,161 रुपये होतात. 450 युनिटांचे मात्र 5,238. वापर तिप्पट, खर्च साडेचार पट. स्थिर आकार, इंधन समायोजन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क यांचा यात समावेश नाही, ते वेगळे. दरपत्रक वेळोवेळी बदलतं, टप्प्यांची ही रचना मात्र कायम आहे. म्हणजे तापणारं घर माणसाला जास्त वीज वापरायला लावतं आणि वरचं प्रत्येक युनिट त्याला महाग दराने विकत घ्यावं लागतं.

बेसा, मनीषनगरात मिहान प्रकल्पातल्या नोकरीसाठी आलेलं नवं जोडपं किंवा वानाडोंगरी-हिंगणा मार्गावरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी आलेली पोरं यांच्या महिन्याच्या हिशेबात तीन-चार हजारांचा हा फरक लहान नाही. तो किरायाचाच भाग आहे. फक्त करारात लिहिलेला नाही.

आणि हा फरक कळतो कधी? नागपुरात घरं बदलायचा हंगाम जून-जुलैचा. शाळा-कॉलेज सुरू होतात, बदल्यांचे आदेश येतात, पाऊस पडलेला असतो, हवा गार असते. अशा वेळी घर पाहायला आलेल्या माणसाला स्लॅब कशी तापते हे दिसूच शकत नाही. भिंतीला ओल आहे का, नळाला पाणी किती वाजता येतं, हे तो पाहून-विचारून घेतो. उन्हाळा पाहायची सोय नसते. पहिली आठ-नऊ बिलं बेताची येतात आणि एप्रिलपासून आकडे चढू लागतात. तोवर अकरा महिन्यांच्या कराराचे नऊ महिने झालेले असतात, डिपॉझिट अडकलेलं असतं, मुलांच्या परीक्षा तोंडावर असतात. ‘घर आवडलं नाही तर सोडा’ हे म्हणणाऱ्यांनी वर्षाच्या त्या टप्प्यावर सामान हलवून पाहावं.

दुसरा आक्षेप असा असतो की माहिती हवी असेल तर विचारा, घरमालक सांगतात. विचारलं की उत्तर मिळतं, यात शंका नाही. ‘इथे लाइट बिल फार येत नाही’ हे ते उत्तर. त्याच्या मागे आकडा नसतो, महिना नसतो, कागद नसतो. घर दाखवणारा एजंट तेच सांगतो, आणि त्याला ते माहीत असण्याची शक्यता आणखी कमी. सांगणाऱ्यांची नियत वाईट असते असं नाही. पुष्कळ मालकांनी त्या वरच्या खोल्यांत एक उन्हाळाही काढलेला नसतो, बिल किरायेदारच भरत आलेला असतो, त्यामुळे त्यांनाही खरा आकडा माहीत नसतो. पण तोंडी आश्वासनावर जो व्यवहार उभा राहतो त्यात चुकीची किंमत एकच बाजू मोजते.

किरायेदाराकडून मात्र तोंडी काहीच चालत नाही. आधार कार्ड, फोटो, नोकरीचं ओळखपत्र, पोलिसांना द्यायची माहिती, कधी आधीच्या मालकाचा फोन नंबर. घरमालकाने माहिती घेणं योग्यच आहे, आपल्या घरात कोण येणार हे त्याला कळायला हवं. मग येणाऱ्यालाही आपण कुठे जाणार आहोत हे कळायला हवं. करार दोघांचा आहे.

तिसरा आक्षेप कामाचा: घरमालकाला आणखी एक कागद, आणखी एक कटकट. हा आक्षेप घेणाऱ्यांनी महावितरणचं बिल शेवटचं कधी नीट पाहिलं असेल? वर बारा अंकी ग्राहक क्रमांक असतो, चार अंकी बिलिंग युनिट असतं. मागचं रीडिंग, चालू रीडिंग, त्यांच्या वजाबाकीतून आलेली युनिटं असतात. आणि त्याच बिलावर मागच्या महिन्यांचा वीजवापर महिनावार छापलेला असतो. म्हणजे एका वर्षाचा इतिहास आजही दर महिन्याला प्रत्येक घरी पोहोचतोच आहे. नवं सर्वेक्षण नको, तज्ज्ञ नको, यंत्र नको. बिल हरवलं असेल तर ग्राहक क्रमांक टाकून ते महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर निघतं. रेंट ॲग्रीमेंटच्या वेळी मिळकतीचा पुरावा म्हणून पुष्कळदा हेच बिल पुढे केलं जातं. टेबलावर आलेला कागद समोरच्याकडे वळवायचा, एवढंच काम उरतं.

चौथा आक्षेप खासगीपणाचा आहे आणि तो गंभीरपणे घेण्यासारखा आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात सांगितलं. मागच्या कुटुंबाने किती वीज वापरली हे परक्याला का सांगायचं? याला दोन उत्तरं आहेत. पहिलं असं की किरायाच्या घरातलं मीटर बहुतेक ठिकाणी घरमालकाच्या नावावर असतं, कित्येकदा त्याच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर. बिलावर मागच्या किरायेदाराचं नावच नसतं. दुसरं असं की महिन्याला एक आकडा, असे बारा आकडे, यांतून कुणाच्या घरात काय चालतं हे कळत नाही.

इथे एक भेद मात्र काटेकोर पाळायला हवा. आता बसू लागलेले टीओडी (टाइम ऑफ डे) स्मार्ट मीटर दिवसाच्या कोणत्या वेळी किती वीज वापरली हे नोंदवतात. त्या नोंदीवरून माणूस कधी उठतो, घर कधी रिकामं असतं, हे ओळखता येतं. ती नोंद कुणालाही देता कामा नये, आणि माहिती देण्याचा नियम झाला तर त्यात हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. महिन्याची बेरीज द्या, तासांचा तपशील नको. खासगीपणाची खरी काळजी असणाऱ्याला ही रेघ पुरेशी आहे. तिच्या आडून सगळीच माहिती दडवणं पटत नाही.

सबमीटरच्या घरांत प्रश्न याहून कडक आहे, आणि तिथेच सर्वांत गरीब किरायेदार राहतो. मागच्या अंगणात पत्र्याच्या दोन खोल्या, वर एक खोली, सगळ्यांना मिळून एकच मुख्य मीटर. मालक सबमीटर पाहून ठरावीक दराने, म्हणजे युनिटला दहा रुपये किंवा त्याच्या मनाला येईल त्या दराने पैसे घेतो. वरच्या दरपत्रकाने हिशेब करून पाहा. दोन कुटुंबांची प्रत्येकी 150 युनिटं वेगवेगळ्या मीटरवर असतील तर दोघांचे मिळून 2,322 रुपये होतात. तीच 300 युनिटं एका मीटरवर आली तर 2,880 होतात, कारण स्वस्तातली पहिली शंभर युनिटं दोघांना वेगळी न मिळता एकदाच मिळतात. या 558 रुपयांचा भार कुणावर पडतो हे मुख्य बिल पाहिल्याशिवाय किरायेदाराला कळूच शकत नाही. उलटही घडू शकतं. छोट्या वापराच्या घरात दहा रुपये दराने घेतलेले पैसे प्रत्यक्ष बिलापेक्षा जास्त होऊ शकतात. अशा ठिकाणी मुख्य मीटरचं बिल आणि सबमीटरचे आकडे दोन्ही दाखवायला हवेत. पत्र्याखाली राहणाऱ्याला उन्हाळा सर्वांत जास्त लागतो आणि हिशेब सर्वांत कमी दिसतो, हे कोणत्याही शहराला शोभणारं नाही.

सौरऊर्जेनेही या मागणीत भर घातली आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत नागपूर जिल्हा राज्यात आघाडीवर राहिला. ही अभिमानाची गोष्ट. पण गच्चीवर पॅनेल असलेल्या घराचं बिल जवळजवळ शून्य येतं, आणि ‘बिलच येत नाही’ हे वाक्य आता खरंही असू शकतं. त्या शून्याचा फायदा किरायेदाराला मिळणार की मालक सबमीटरने पैसे घेणार, हे आधीच लिहून ठेवावं लागेल. अशा घरासाठी ग्रिडमधून घेतलेली वीज आणि ग्रिडला दिलेली वीज असे दोन्ही आकडे हवेत.

जुना वापर नव्या माणसाच्या अंगावर येतोच, फक्त माहितीच्या रूपात येत नाही. अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं घ्या. मागच्या आर्थिक वर्षातल्या सरासरी बिलावरून महावितरण दरवर्षी ठेव नव्याने ठरवतं आणि फरकाचं वेगळं बिल उन्हाळ्याच्या तोंडावर पाठवतं. मागच्या किरायेदाराने भरपूर एसी चालवला असेल तर त्याच्या वापरावर बेतलेली मागणी नव्याच्या हातात पडते. ती कुणी भरायची यावरून मालक आणि किरायेदार यांच्यात वाद होतात, कारण करारात त्याचा उल्लेख नसतो. थकबाकीचंही तसंच. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेनुसार आधीच्या मालकाची किंवा वहिवाटदाराची थकबाकी जागेवर बोजा म्हणून राहते. वारसांचा अपवाद सोडला तर नव्या माणसाकडून ती कमाल सहा महिन्यांपुरतीच वसूल करता येते. सर्वोच्च न्यायालयानेही 19 मे 2023 रोजी के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ या प्रकरणात असा निर्णय दिला की नियमांत तशी तरतूद असेल तर जागेची जुनी थकबाकी चुकती होईपर्यंत वीज कंपनी नव्या मालकाला जोडणी नाकारू शकते. म्हणजे जबाबदारी जागेबरोबर जाते, हे कायद्याला मान्य आहे. मग माहिती जागेबरोबर का जाऊ नये?

कायद्यात बीज आहेच. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 च्या कलम 55 नुसार विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला सहज न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. कलम 108 भाडेपट्टा देणाऱ्यावर तशीच जबाबदारी टाकतं. पण आज शहरात घरं सहसा भाडेपट्ट्याने दिली जात नाहीत, ‘लिव्ह अँड लायसन्स’ने दिली जातात. तिथे भारतीय सुविधाधिकार अधिनियम 1882 चं कलम 57 लागतं, आणि ते फक्त जीवाला किंवा मालमत्तेला धोका असलेला दोष सांगायला लावतं. मे महिन्यात राहणं अवघड करणारं छत यात बसत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 वीज ही अत्यावश्यक सेवा मानतो, मालकाला ती तोडू देत नाही, करार लेखी आणि नोंदणीकृत असावा असं सांगतो. पण ती अत्यावश्यक सेवा किती पैशांना पडते हे सांगायला कुणालाच बांधत नाही. मोठ्या अपेक्षेने आलेल्या रेरा कायद्याचा रोख नव्या प्रकल्पांच्या बिल्डरांवर आहे. प्रतापनगरातल्या वीस वर्षं जुन्या फ्लॅटच्या किरायाशी त्याचा संबंध येत नाही. केंद्राची 2018 ची इको-निवास संहिता नव्या इमारतींच्या भिंती-छतांसाठी आहे. निवासी इमारतींना तारे देण्याची योजनाही आली, पण ती ऐच्छिक.

याच देशात 2006 पासून वीज-उपकरणांना ताऱ्यांची लेबलं लागतात. दीड टनाचा एसी दुकानात उभा असतो तेव्हाच तो वर्षाला किती युनिट खाईल हे त्याच्यावर छापलेलं असतं. तिथे कुणी म्हणत नाही की वापर माणसावर अवलंबून आहे, म्हणून आकडा छापू नका. सगळे जाणतात की तो आकडा तुलनेसाठी आहे. ज्या खोलीत तो एसी लागणार, तिच्याबद्दल मात्र एक आकडाही मिळू नये?

बाहेर हे पूर्वीच झालेलं आहे. युरोपीय संघाने 2002 च्या निर्देशाने इमारतींचं ऊर्जा प्रमाणपत्र खरेदीदाराला आणि भाडेकरूला दाखवणं आवश्यक केलं. 2010 च्या सुधारित निर्देशाने ते आकडे जाहिरातीतही द्यायला लावले. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यानुसार घर घेऊ किंवा भाड्याने घेऊ पाहणारा माणूस लेखी मागणी करून मागच्या दोन वर्षांची उष्णता-शीतनाची बिलं मिळवू शकतो. मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीत 2009 पासून स्वतंत्र घर विकणाऱ्याला बारा महिन्यांची वीज-गॅसची बिलं किंवा वापराचा तपशील आधी द्यावा लागतो. हवाईने त्याच वर्षी विक्रेत्याला वीजखर्च उघड करायला सांगणारा कायदा केला.

‘माणूस वीज जाळतो’ हा आक्षेप जर्मनीतही घेतला गेला. त्यांनी त्यावर कागद फाडून टाकला नाही, दोन प्रकारची प्रमाणपत्रं ठेवली. एक प्रत्यक्ष वापरावरचं, त्यात किमान तीन वर्षांचे आकडे, म्हणजे एका कुटुंबाच्या सवयीचा प्रभाव कमी होतो. दुसरं इमारतीच्या भिंती, छत, खिडक्या तपासून काढलेलं. पाचपेक्षा कमी सदनिकांच्या आणि 1977 च्या उष्णतारोधन नियमांच्या आधीच्या, न सुधारलेल्या इमारतींना दुसराच प्रकार सक्तीचा केला, कारण लहान इमारतीत एकट्या कुटुंबाच्या सवयी आकडा बिघडवतात. आक्षेप खरा असेल तर त्यावर उपाय काढायचा असतो, तो असा.

नागपूरला तेवढं खर्चिक काही नको. बारा महिन्यांची युनिटं, बारा महिन्यांची रक्कम आणि खाली तीन ओळी: घरात किती माणसं होती, एसी होता की कूलर, घर कोणत्या महिन्यांत बंद होतं. या तीन ओळी महत्त्वाच्या आहेत. मेमध्ये गावी गेलेल्या विद्यार्थ्यांच्या खोलीचं बिल कमी दिसणारच, आणि ते कारण लिहिलेलं नसेल तर आकडा खरोखर फसवेल. रीडिंग न होता सरासरीने बिल आलेले महिनेही वेगळे दाखवावेत. बंद मीटरच्या सरासरीवर विश्वास ठेवून आलेल्या माणसाला नंतर एकदम फरकाचं बिल आलं, असं व्हायला नको. घर नवं असेल, आधी कुणी राहिलंच नसेल, तर ‘नोंद नाही’ एवढं लिहावं.

शेवटी मालकांची खरी भीती येते, जी फारशी बोलून दाखवली जात नाही. आकडे उघड झाले तर वरच्या मजल्याचा किराया पडेल. हो, काही ठिकाणी पडेल. तो आज जास्त आहे, कारण त्याची खरी किंमत लपलेली आहे. पण याची दुसरी बाजू मालकांनीच विचारात घ्यावी. आज जो मालक गच्चीवर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग मारतो, पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवतो, हिरवी जाळी बांधतो, पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा काढतो, त्याला या खर्चाचा एक रुपयाही परत मिळत नाही. बिल किरायेदार भरतो, बचत किरायेदाराची होते, आणि पुढच्या किरायेदाराला त्यातलं काही दिसतच नाही. म्हणून शहाणा मालकही छतावर पैसे घालत नाही. मे महिन्याचा आकडा उघड झाला की तोच मालक म्हणू शकेल, माझं घर थंड आहे, हा पुरावा, दोनशे रुपये जास्त द्या. आजच्या गुप्ततेत तोटा होतो तो चांगल्या मालकाचा. फायदा होतो तो ज्याने छताकडे वीस वर्षं पाहिलेलं नाही त्याचा. उष्माघातापासून बचावाच्या सरकारी सूचना दर उन्हाळ्यात निघतात, त्यात थंड छतांचा सल्ला असतो. त्या सल्ल्याला पैशाचं कारण मिळालं तर तो गच्चीपर्यंत पोहोचेल.

हे कुणी करायचं, यातही संदिग्धता नको. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाने ‘लिव्ह अँड लायसन्स’च्या ऑनलाइन नोंदणीत बारा महिन्यांच्या वीजवापराची अनुसूची जोडावी, आणि सुरक्षा ठेव कोण भरणार याचा रकाना ठेवावा. वीज नियामक आयोगाने महावितरणला सांगावं की मीटरधारकाने मागितल्यावर नाव झाकलेला वर्षभराचा वापर-उतारा विनाशुल्क, एका क्लिकवर द्या. विक्रीच्या व्यवहारात हाच उतारा थकबाकी नसल्याच्या दाखल्यासोबत असावा. सुरुवात हवामानाच्या टोकावर असलेल्या विदर्भातून करायला काही हरकत नाही.

नियम होईल तेव्हा होईल. तोपर्यंत नागपुरात घर शोधणाऱ्या प्रत्येकाने टोकन देण्याआधी मालकाकडे दोन बिलं मागावीत, मागच्या मे महिन्याचं आणि फेब्रुवारीचं. ग्राहक क्रमांक घ्यावा, थकबाकीचा रकाना पाहावा, सबमीटर असेल तर मुख्य मीटरचं बिलही मागावं. आणि मागताना संकोच करू नये. ज्या घराचा किराया तुम्ही भरणार आहात, त्याच्या उन्हाळ्याचा खर्च विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.